खाली व्हिडिओ, वर फेटा: ब्राउझरमधल्या फेस-ट्रॅकिंग इफेक्टला कॅमेऱ्याच्या चित्रावर नीट बसवण्याची पद्धत

ठाण्यातल्या एखाद्या मंडळाला गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी एक वेबपान हवे आहे असे धरू. तलावपाळीजवळच्या स्टॉलवर क्यूआर कोड लावायचा, लोकांनी तो मोबाईलने स्कॅन करायचा, की पुढचा कॅमेरा सुरू होऊन डोक्यावर फेटा किंवा नाकात नथ दिसली पाहिजे. ॲप उतरवायला लावायचे नाही, सगळे ब्राउझरमध्येच. नौपाड्यातल्या एखाद्या सराफाला गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर दागिने दाखवायचे असतील तरी काम हेच आहे.

अवघड भाग चेहरा ओळखण्याचा, असे सुरुवातीला वाटते. पण तो भाग तयार मिळतो. वेळ जातो तो खालचा व्हिडिओ आणि वरचा इफेक्ट हे दोन थर एकमेकांवर बसवण्यात. फेट्यामागे व्हिडिओऐवजी काळा पडदा दिसतो, मान डावीकडे वळवली की फेटा उजवीकडे पळतो, लॅपटॉपवर नीट बसलेली नथ मोबाईलवर गालावर जाते. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी मूळ एकच: दोन्ही थरांची चौकट एक नाही, किंवा आरसा एक नाही, किंवा दोघे एकाच फ्रेमवर चालत नाहीत. पुढची सगळी मांडणी या तीन गोष्टी एक ठेवण्यासाठी आहे.

काय लागेल

चेहऱ्यासाठी गूगलच्या मीडियापाइपमधला फेस लँडमार्कर, त्रिमितीय वस्तूंसाठी थ्री-जेएस, आणि साधे एचटीएमएल-सीएसएस. फेस लँडमार्कर दर फ्रेमला चेहऱ्यावरचे ४७८ बिंदू देतो: ४६८ चेहऱ्याचे आणि १० बुबुळांचे. मागितल्यास ५२ हावभावांचे आकडे आणि चेहऱ्याची जागा-दिशा सांगणारा ४×४ मॅट्रिक्सही देतो. फेट्यासाठी हा मॅट्रिक्स लागतो, म्हणून तयारी करतानाच तो पर्याय चालू करा. मुळात तो बंद असतो.

मॉडेलची फाइल साडेतीन-पावणेचार एमबीची आहे आणि सोबतची वॅझम फाइल (लायब्ररीचा ब्राउझरमध्ये चालणारा संकलित कोड) त्याहून मोठी. यात्रेच्या गर्दीत मोबाईल नेटवर्क रडतखडत चालते, हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. या फाइली स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवा, दीर्घ मुदतीचा कॅशे लावा, आणि पान उघडताच त्या उतरवायला सुरुवात करा. ‘कॅमेरा सुरू करा’ बटण दाबेपर्यंत थांबू नका. फेट्याचे मॉडेल दोन एमबीच्या आत ठेवा. टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर गुंडाळायचे चित्र, १०२४ पिक्सेलचे पुरते, कारण पडद्यावर फेटा काही शे पिक्सेलांपेक्षा मोठा दिसतच नाही.

कॅमेरा मिळवणे

कॅमेरा मागायचे फंक्शन गेट-यूजर-मीडिया. ते फक्त एचटीटीपीएस पानावर किंवा लोकलहोस्टवर चालते. साध्या एचटीटीपीवर परवानगीची खिडकी येत नाहीच; उलट ‘मीडिया-डिव्हायसेस’ ही वस्तूच अस्तित्वात नसते आणि कोड तिथेच कोसळतो. त्यामुळे लॅपटॉपवर चालणारे पान मोबाईलवरून वाय-फायच्या आयपी पत्त्याने उघडले की चालत नाही. अँड्रॉइडवर यावर सोपा उपाय आहे: मोबाईल यूएसबीने जोडा, डेव्हलपर ऑप्शन्समधले यूएसबी डीबगिंग चालू करा आणि क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून पोर्ट फॉरवर्डिंग लावा. मग मोबाईलवरचे लोकलहोस्ट तुमच्या लॅपटॉपकडे येते आणि कॅमेरा उघडतो. आयफोनसाठी मात्र एचटीटीपीएस पत्ताच लागतो. चाचणीचे पान कुठेतरी होस्ट करणे सर्वांत कमी कटकटीचे.

मागणी करताना रुंदी १२८०, उंची ७२०, फ्रेमदर ३० आणि पुढचा कॅमेरा, हे सगळे ‘आयडियल’, म्हणजे जमल्यास, म्हणून मागा. ‘एक्झॅक्ट’ लिहिलेत तर ज्या कॅमेऱ्याला ते जमत नाही तिथे ओव्हर-कन्स्ट्रेन्ड ही चूक येऊन सगळेच थांबेल. आवाज मागू नका; मायक्रोफोनची परवानगी दिसली की लोक बिचकतात, आणि तो इथे लागतही नाही. १९२०×१०८० मागून ट्रॅकिंग सुधारत नाही, कारण मॉडेल आत चेहऱ्याचा तुकडा कापून लहानच करते. वाढते ती फक्त उष्णता आणि बॅटरीचा खर्च.

व्हिडिओ एलिमेंटवर ऑटोप्ले, म्यूटेड आणि प्लेज-इनलाइन ही तिन्ही विशेषणे हवीत. शेवटचे विसरलात तर आयफोनवर व्हिडिओ पूर्ण पडदा व्यापून वेगळ्याच खिडकीत उघडतो आणि तुमचा इफेक्ट मागे राहतो. कॅमेरा नेहमी बटण दाबल्यावर सुरू करा, पान उघडताक्षणी नको. बटणाच्या वर एक ओळ मराठीत लिहा: ‘कॅमेऱ्याचे चित्र तुमच्या मोबाईलमध्येच राहते, कुठेही पाठवले जात नाही.’ ही ओळ खरी असली पाहिजे, म्हणून फोटो सर्व्हरवर चढवण्याची सोय या पानात ठेवूच नका.

चुकांचे संदेशही वेगवेगळे दाखवा. नॉट-अलाउड म्हणजे परवानगी नाकारली, किंवा पान दुसऱ्या साइटमध्ये आयफ्रेमने बसवले आहे आणि आयफ्रेमवर ‘अलाऊ’ मध्ये कॅमेरा लिहिलेला नाही. ऐरोली-महापेच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर कंपनीच्या धोरणाने कॅमेरा बंद असेल तर खिडकी न दिसताच हीच चूक येते. नॉट-रीडेबल म्हणजे कॅमेरा आहे पण दुसऱ्याच्या ताब्यात आहे. विंडोजवर मीटिंगचे ॲप उघडे राहिले की हे हमखास होते. नॉट-फाउंड म्हणजे कॅमेराच नाही. क्यूआर किंवा लिंक एखाद्या सोशल मीडिया ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडली तर कॅमेरा मिळेलच असे नाही; तिथे ‘हे पान क्रोम किंवा सफारीमध्ये उघडा’ अशी सूचना हवीच.

थर कसे रचायचे

नेहमीची पद्धत अशी असते: खाली व्हिडिओ एलिमेंट, त्यावर पारदर्शक कॅनव्हास, म्हणजे कोडने चित्र रंगवायची पाटी. दुसरी पद्धत म्हणजे व्हिडिओला टेक्स्चर करून थ्री-जेएसच्या सीनमध्येच पार्श्वभूमी म्हणून घालणे. फेटा-नथीसारख्या कामाला आम्ही तिसरी सुचवतो, ती दोन्हींच्या मधली आहे: व्हिडिओ एलिमेंट पानावर असतो पण दिसत नाही, त्यातली फ्रेम एका साध्या द्विमितीय कॅनव्हासवर रंगवायची, आणि त्या कॅनव्हासवर पारदर्शक वेबजीएल (त्रिमितीय चित्र रंगवणारा) कॅनव्हास ठेवायचा. हा वाढीव कॅनव्हास कशासाठी, ते फ्रेमच्या भागात येईल.

व्हिडिओ लपवताना ‘डिस्प्ले नन’ वापरू नका. काही आयफोनवर अशा व्हिडिओच्या फ्रेम पुढे सरकतच नाहीत. अपारदर्शकता शून्य करून एक पिक्सेलच्या जागेत ठेवा.

आता रचना. बाहेर एक डबा: पोझिशन रिलेटिव्ह, ओव्हरफ्लो हिडन, उंची १०० डीव्हीएच, म्हणजे पत्तापट्टी वगळून दिसणारा पडदा. व्हीएच वापरलेत तर मोबाईलच्या पत्तापट्टीखाली फोटोचे बटण दडते. त्या डब्याला ‘आयसोलेशन: आयसोलेट’ लावा. काही तयार लायब्रऱ्या व्हिडिओला ऋण झेड-इंडेक्स देतात, आणि डब्याचा स्वतंत्र स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट (थरांचा आपापला क्रम) नसेल तर व्हिडिओ थेट पानाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीमागे जातो. कॅमेऱ्याचा दिवा पेटलेला, फेटा हवेत हलतोय आणि मागे कोरे पान, असे दिसले की आधी हेच तपासा.

डब्याच्या आत आणखी एक आतली चौकट, आणि दोन्ही कॅनव्हास त्या चौकटीत डाव्या-वरच्या कोपऱ्याला चिकटवून १०० टक्के रुंदी-उंचीचे. वरच्या कॅनव्हासला ‘पॉइंटर-इव्हेंट्स: नन’, नाहीतर त्याखालच्या बटणांवर बोट लागत नाही.

वेबजीएल रेंडरर तयार करताना अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची सोय, चालू करा, क्लिअर कलरची अपारदर्शकता शून्य ठेवा आणि सीनची पार्श्वभूमी रिकामी ठेवा. या तिन्हीपैकी एक जरी चुकले तरी व्हिडिओच्या जागी काळे दिसते. तिन्ही बरोबर असूनही काळे दिसत असेल तर पोस्ट-प्रोसेसिंगकडे वळा: थ्री-जेएसमधला चकाकीचा ब्लूम पास पारदर्शकता पुसून टाकतो. नथीच्या मोत्यांना चमक हवी म्हणून तो घातला जातो आणि मागचा अख्खा चेहरा गायब होतो. चमक मोत्याच्या मटेरियलमध्येच द्या. ब्लूमची चकाकी हवीच असेल तर व्हिडिओ टेक्स्चर म्हणून सीनमध्ये घेण्यावाचून पर्याय नाही. तेव्हा टेक्स्चरचा कलर स्पेस एसआरजीबी सांगायला आणि पार्श्वभूमीवरचे टोन मॅपिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळे चेहरे फिकट, धुतल्यासारखे येतात.

फेट्याच्या कडेला काळी किंवा पांढरी बारीक किनार दिसते तीही पारदर्शकतेचीच गडबड. ब्राउझर वेबजीएलचे रंग आधीच अल्फाने गुणलेले आहेत असे धरतो. स्वतः लिहिलेला शेडर (पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा कोड) तसे रंग देत नसेल तर किनार उमटते. शेडरच्या शेवटी रंगाला अल्फाने गुणा, आणि त्या मटेरियलचे ब्लेंडिंगही प्रीमल्टिप्लाइडवर ठेवा.

चौकट एक

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. कॅमेऱ्याच्या चित्राचे प्रमाण आणि पडद्याचे प्रमाण सहसा जुळत नाही. म्हणून व्हिडिओला ‘ऑब्जेक्ट-फिट: कव्हर’ लावतात, ब्राउझर कडा कापून डबा भरून टाकतो. पण लँडमार्कचे, म्हणजे चेहऱ्यावरच्या त्या ४७८ बिंदूंचे, आकडे न कापलेल्या पूर्ण फ्रेमच्या हिशोबाने ० ते १ मध्ये असतात. कॅनव्हासला या कापाकापीची खबरच नसते.

आकड्यांत पाहू. मोबाईलचा पडदा ३९० रुंद आणि ८४४ उंच. मोबाईल उभा धरलेला असल्याने चित्र येते ७२०×१२८० असे. ३९० भागिले ७२० म्हणजे ०.५४२, ८४४ भागिले १२८० म्हणजे ०.६५९. डबा पूर्ण भरायचा तर मोठा आकडा घ्यायचा: ०.६५९. मग चित्राची रुंदी होते सुमारे ४७५ आणि दोन्ही बाजूंना साधारण ४२-४२ पिक्सेल पडद्याबाहेर जातात. डोळ्याचा कोपरा ०.३ वर असेल तर त्याची खरी जागा ०.३ गुणिले ४७५ वजा ४२, म्हणजे १००. हिशोब न करता ०.३ गुणिले ३९० केले तर येते ११७. सतरा पिक्सेलांची चूक. नथ नाकपुडी सोडून बाजूला जायला तेवढी पुरते. नाकाचा शेंडा मधोमध ०.५ वर असेल तेव्हा मात्र दोन्ही हिशोब १९५ च देतात. म्हणूनच ही चूक सरळ समोर पाहून चाचणी करताना सापडत नाही, आणि चेहरा कडेला गेला की उघडी पडते.

दर बिंदूला हा हिशोब करण्यापेक्षा आतल्या चौकटीलाच तो आकार द्या. मोजपट्टीचा आकडा म्हणजे डब्याची रुंदी भागिले व्हिडिओची रुंदी आणि डब्याची उंची भागिले व्हिडिओची उंची यांतला मोठा. चौकटीची रुंदी-उंची म्हणजे व्हिडिओची रुंदी-उंची गुणिले तो आकडा. डावीकडचे सरकणे म्हणजे डब्याची रुंदी वजा चौकटीची रुंदी, भागिले दोन, वरचेही तसेच. बाहेरचा डबा कडा कापतो, आणि आत दोन्ही कॅनव्हासचे प्रमाण कायम व्हिडिओइतकेच राहते. मग ०.३ गुणिले चौकटीची रुंदी, बस्स. वरच्या उदाहरणात कॅनव्हास पडद्यापेक्षा सुमारे २२ टक्के रुंद होतो आणि तेवढे पिक्सेल फुकट रंगवले जातात, पण त्या बदल्यात चुकीची जागाच उरत नाही.

एक दुरुस्ती फेट्यासाठी. लॅपटॉपवर डबा १३६६×६५० आणि चित्र १२८०×७२० असेल तर चौकटीची उंची ७६८ होते आणि ११८ पिक्सेल कापावे लागतात. निम्मे वरून कापले तर फेट्याचा तुराच छाटला जातो. म्हणून वरचे सरकणे शून्य ठेवा आणि सगळी कापाकापी खालून होऊ द्या.

व्हिडिओची खरी रुंदी-उंची लोडेड-मेटाडेटा ही घटना घडल्यावरच कळते, त्याआधी दोन्ही शून्य असतात. तुम्ही १२८०×७२० मागितले म्हणून तेच मिळाले असे धरू नका. मोबाईल उभा असताना आकडे उलटतात आणि आडवा केला की पुन्हा बदलतात. म्हणून चौकटीचा हिशोब तीन वेळी करा: मेटाडेटा आल्यावर, व्हिडिओ एलिमेंटच्या रीसाइज घटनेवर आणि डब्यावर लावलेल्या रीसाइज-ऑब्झर्व्हरमध्ये.

कॅनव्हासला दोन मापे असतात, तेही इथेच पाहून घ्या. सीएसएसचे माप पडद्यावरचा आकार ठरवते, विड्थ-हाइट ही विशेषणे आतले पिक्सेल ठरवतात. दुसरे दिले नाही तर ते ३००×१५० राहते आणि चित्र ताणून धूसर दिसते. खालच्या कॅनव्हासला आतले माप व्हिडिओइतके द्या. वरच्याला पडद्याच्या घनतेनुसार, पण घनता २ वर थांबवा. घनता ३ असलेल्या ३६०×८०० च्या मोबाईलवर ३ ने गुणले तर जवळजवळ २६ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, २ ने साडेअकरा लाख. फेट्याकडे पाहून फरक ओळखू येत नाही.

आरसा एक

पुढच्या कॅमेऱ्यात लोकांना आरशासारखे दिसायला हवे. त्यासाठी आतल्या चौकटीला सीएसएसमध्ये आडवी उलट, म्हणजे स्केल-एक्स उणे एक लावा. फक्त चौकटीला. व्हिडिओला वेगळी, कॅनव्हासला वेगळी आणि लँडमार्कना ‘एक वजा एक्स’ वेगळी, असे कधीच करू नका. फक्त व्हिडिओ उलटला तर इफेक्ट विरुद्ध दिशेने पळतो, ते लगेच दिसते. पण चौकट उलटून वर लँडमार्कही उलटले तर सरळ चेहऱ्यावर सगळे जवळपास बरोबर वाटते आणि नथ मात्र उजव्या नाकपुडीत जाते. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात. पान पाहणारी पहिलीच बाई हे सांगेल.

फेस लँडमार्करच्या क्रमांकांत डावे-उजवे हे त्या व्यक्तीचे असते, पडद्याचे नाही. डाव्या नाकपुडीचा कोपरा ३२७, उजवीचा ९८. नाकाचा शेंडा १, कपाळाचा वरचा बिंदू १०, हनुवटी १५२, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे ३३ आणि २६३. चंद्रकोर भुवयांच्या मध्ये हवी तर ९ क्रमांक. बिंदू ३२७ वर नथ ठेवली आणि पूर्ण चौकट उलटली की आरशातही ती योग्य नाकपुडीतच दिसते, वेगळे काही करावे लागत नाही.

नथीचा आकार ३३ आणि २६३ मधल्या अंतरावरून काढा. त्या अंतराच्या ४० टक्क्यांपासून सुरुवात करून डोळ्यांनी ठरवा. कलही याच दोन बिंदूंवरून येतो. हे अंतर आणि कोन पिक्सेलमध्ये बदलल्यावरच मोजा. ० ते १ च्या आकड्यांत आडवा एकक आणि उभा एकक सारखा नसतो, त्यामुळे मान तिरकी केली की नथ लहानमोठी होते आणि चुकीच्या कोनात लटकते.

उलट्या चौकटीत अक्षरेही उलटतात. ‘नववर्षाच्या शुभेच्छा’ ही पट्टी, मंडळाचे बोधचिन्ह, मोजणीचे आकडे हे सगळे चौकटीच्या बाहेर, डब्यात थेट ठेवा. मागचा कॅमेरा निवडला की उलट काढून टाका.

फ्रेम एक

व्हिडिओ एलिमेंट स्वतःच्या गतीने पुढे धावत असतो. तुम्ही एक फ्रेम घेऊन चेहरा शोधता, तोवर पडद्यावर पुढची फ्रेम आलेली असते. ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. शोधायला आणि रंगवायला मिळून दोन फ्रेम गेल्या आणि चेहरा पडद्यावर सेकंदाला ३०० पिक्सेल वेगाने सरकत असेल, तर फेटा २० पिक्सेल मागे राहतो. मॉडेल कितीही चांगले असले तरी हे अंतर राहणारच, कारण खालचे चित्र पुढच्या क्षणाचे आहे आणि वरचे मागच्या.

उपाय म्हणून खालचा कॅनव्हास. क्रम असा: नवी फ्रेम आली की रिक्वेस्ट-व्हिडिओ-फ्रेम-कॉलबॅक हाक देतो, त्याच क्षणी व्हिडिओची फ्रेम खालच्या कॅनव्हासवर रंगवा, चेहरा शोधायला व्हिडिओ न देता तोच कॅनव्हास द्या, आलेल्या मॅट्रिक्सने फेटा हलवा, वरचा कॅनव्हास रंगवा, मग पुढची हाक नोंदवा. मधे ‘अवेट’ (कोडला थांबवून ठेवणारा शब्द) घालू नका. सगळे एकाच फटक्यात झाल्याने ब्राउझर दोन्ही कॅनव्हास एकत्रच पडद्यावर आणतो. संपूर्ण चित्र काही मिलिसेकंद उशिरा येते, पण पाहणाऱ्याला तेवढा उशीर जाणवत नाही. चेहऱ्यावरून सुटलेला फेटा मात्र लगेच खटकतो.

जुन्या ब्राउझरमध्ये हा कॉलबॅक नसेल तर रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम वापरा आणि व्हिडिओचा करंट-टाइम बदलला नसेल तर शोध टाळा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ३० फ्रेमच्या व्हिडिओत तेच चित्र दोनदा शोधण्यात निम्मी ताकद वाया जाते.

फेस लँडमार्कर व्हिडिओ पद्धतीत चालवताना दर वेळी वेळेचा आकडा द्यावा लागतो आणि तो सतत वाढताच हवा. व्हिडिओचा स्वतःचा वेळ देऊ नका, कारण कॅमेरा बदलला की तो शून्यापासून सुरू होतो आणि लँडमार्कर चूक देऊन थांबतो. परफॉर्मन्स-नाऊ द्या.

एकच चेहरा मागितला तर थरथर कमी करण्याची सोय लँडमार्करमध्ये आतच आहे. दोन किंवा जास्त चेहरे मागितले की ती बंद होते. जोडीचा फोटो हवा असेल तर २०१२ मध्ये मांडला गेलेला वन-युरो फिल्टर बसवा. त्याचे दोनच खटके आहेत: किमान कटऑफ १ पासून सुरू करून, चेहरा स्थिर असताना फेटा थरथरायचा थांबेपर्यंत कमी करा, मग मान झटकन वळवून पाहा आणि फेटा मागे राहत असेल तर बीटा थोडा थोडा वाढवा. क्रम उलटा केलात तर दोन्ही आकडे एकमेकांत अडकतात.

स्वस्त मोबाईलवर शोधालाच ३३ मिलिसेकंदांहून जास्त लागले तर व्हिडिओही तेवढाच मंदावतो. सेकंदाला १५-२० चित्रे मिळाली तरी एकसंध दिसते. त्याहून खाली गेल्यास हावभावांचे ५२ आकडे आणि सावल्या बंद करा आणि ६४०×४८० घ्या. जीपीयू पर्याय बहुतेक ठिकाणी वेगवान असतो, पण सुरू करताना चूक आली तर सीपीयूवर परत येण्याची वाट कोडमध्ये ठेवा.

फेटा डोक्यावर बसवणे

मॅट्रिक्सचे एकक सेंटिमीटर आहे, आणि तो ६३ अंशांचा उभा दृष्टिकोन असलेला कॅमेरा गृहीत धरून काढलेला असतो. थ्री-जेएसचा कॅमेराही ६३ अंशांचाच ठेवा: प्रमाण व्हिडिओचे, जवळची मर्यादा १, दूरची १०,०००, जागा मूळबिंदूवर आणि न हलवता. मोबाईलच्या खऱ्या लेन्सचा कोन शोधून तो घालण्याचा मोह टाळा. मॅट्रिक्सने ६३ धरले आहेत, तुम्ही ७० दिलेत तर फेटा लहान दिसेल आणि चेहरा कडेला गेला की आत सरकेल. आतली चौकट व्हिडिओच्या प्रमाणात असल्यामुळे इथे कापाकापीचा हिशोब पुन्हा करावा लागत नाही.

फेट्याचे मॉडेल थ्री-जेएसच्या एका गटात ठेवा, त्या गटाचे आपोआप मॅट्रिक्स बदलणे बंद करा आणि लँडमार्करचे सोळा आकडे आहेत त्याच क्रमाने भरा. फेटा ठिपक्याएवढा दिसला तर मॉडेल मीटरमध्ये आहे. गटाच्या आत त्याला १०० ने मोठे करा. पूर्ण काळा दिसला तर सीनमध्ये दिवा नाही. एक सर्वदूर मंद प्रकाश आणि वरून एक दिशादर्शक दिवा पुरतो.

डोके खरे नसल्याने फेट्याची मागची बाजू कपाळातून आरपार दिसते. त्यासाठी डोक्याच्या आकाराचे एक अदृश्य मॉडेल त्याच गटात ठेवा: रंग लिहिणे बंद, खोली लिहिणे चालू, आणि रेंडर-क्रम फेट्याच्या आधी. जिथे हे अदृश्य डोके आहे तिथे फेटा रंगत नाही आणि खालचा व्हिडिओ दिसतो. नुसते ४६८ बिंदूंचे मुखवट्यासारखे जाळे इथे पुरत नाही, कारण त्याला कवटी नाही आणि कानही नाहीत. साधा ताणलेला गोल चालतो. तो प्रत्यक्ष डोक्यापेक्षा किंचित लहान ठेवा, नाहीतर फेट्याची पुढची किनार खाल्ली जाते.

सपाट चित्राच्या नथीला असे डोके नसते. बाईने चेहरा असा वळवला की डावी नाकपुडी पलीकडे गेली, तर नथ नाकाच्या कडेवर तरंगते. मॅट्रिक्समधून वळण काढा आणि ३० ते ४० अंशांच्या दरम्यान नथ हळूहळू विरघळवा. चेहरा हरवला तर फेटा आहे तिथेच गोठवू नका. पाव सेकंदात नाहीसा करा.

उजेड

यात्रेच्या दिवशी उन्हाकडे पाठ करून उभे राहिलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो आणि ट्रॅकिंग सुटते. स्टॉलचा फलक असा लावा की क्यूआर स्कॅन करणाऱ्याच्या तोंडावर उजेड येईल. घरात किंवा दुकानात कमी उजेड असला की कॅमेरा स्वतःहून फ्रेमदर निम्म्यावर आणतो आणि चेहरा हलताना फराटा उमटतो. कोड तपासत बसण्याआधी दिवा लावून पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची. लॅपटॉपचा वेबकॅम ६० वर ठेवलेला असेल तर ट्यूबलाइटखाली चित्रावर आडवे पट्टे सरकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तो ५० वर आणा.

फोटो आणि कॅमेरा बंद करणे

तिसऱ्या कॅनव्हासवर आधी खालचा आणि मग वरचा थर त्याच मापात रंगवा. वेबजीएल कॅनव्हास पडद्यावर आला की त्याची आतली पाटी पुसली जाते, म्हणून फोटोत फक्त चेहरा येतो आणि फेटा गायब. उपाय: बटण दाबल्यावर सीन पुन्हा एकदा रंगवा आणि त्याच फटक्यात नक्कल घ्या. ड्रॉइंग बफर कायम ठेवण्याचा पर्यायही आहे, पण काही मोबाईलवर तो वेग खातो.

सीएसएसची उलट नकलेत उतरत नाही, त्यामुळे फोटो आपोआप सरळ येतो. तो तसाच सरळ ठेवावा असे आमचे मत आहे: मागच्या फलकावरची देवनागरी वाचता येते आणि इतर फोटोंत दिसते तिथेच नथ दिसते. जेपेग ०.९ दर्जाला काढा आणि मोबाईलच्या शेअर खिडकीकडे फाइल म्हणून द्या. तिथून व्हॉट्सॲप एका बोटावर असते.

पान मागे गेले की शोध थांबवा. ‘बंद करा’ दाबल्यावर स्ट्रीममधला प्रत्येक ट्रॅक थांबवा आणि व्हिडिओचा स्रोत रिकामा करा. व्हिडिओ नुसता पॉज केला तर कॅमेऱ्याचा दिवा चालूच राहतो आणि माणसाला साहजिकच शंका येते. पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यात अदलाबदल करतानाही आधी जुना ट्रॅक थांबवा, मग नवा मागा. बरेच अँड्रॉइड मोबाईल दोन कॅमेरे एकदम उघडत नाहीत आणि नॉट-रीडेबल देतात. आयफोनवर मधेच फोन आला तर ट्रॅक म्यूट होतो आणि शेवटची फ्रेम गोठून राहते. ट्रॅकच्या म्यूट घटनेवर ‘पुन्हा सुरू करा’ बटण दाखवा.